वळीव, आषाढ आणि एकटा सायकलस्वार

एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर कोल्हापूरच्या आकाशात उभे राहणारे ढग आणि जुलैत गगनबावड्यावर दिवसेंदिवस ठाण मांडून बसणारे ढग यांत पावसाखेरीज फारसे साम्य नसते. एकट्याने सायकल घेऊन लांबच्या प्रवासाला निघणारा मात्र पुष्कळदा दोन्हींना एकाच मापाने मोजतो आणि रेनकोट बांधून घेतला की तयारी झाली असे समजतो. वास्तविक अंगावर पडणारे पाणी हा वादळी हवेचा सर्वांत कमी धोक्याचा भाग आहे. वळवात वारा आणि वीज, तर आषाढात गारठा आणि रस्त्यावर चढणारे पाणी घातक ठरते.

वळवाचा ढग तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेमुळे वाढतो. दमट हवा उंचावर जाऊन थंड होते, तिच्यातील बाष्पाचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते आणि ती उष्णता हवेला आणखी वर ढकलते. अशा रीतीने ढगाचा माथा दहा-बारा किलोमीटर उंचीपर्यंत पोहोचतो. वाढणारा ढग भोवतालची हवा आत ओढत असल्यामुळे त्याच्या दिशेने जाणाऱ्या सायकलस्वाराला बऱ्याचदा वारा पाठीशी असल्यासारखा वाटतो. पुढे पाऊस सुरू झाला की त्यातील काही थेंब वाटेतच वाफ होऊन हवा थंड करतात, ही जड झालेली हवा खाली कोसळते आणि जमिनीवर आदळून चहूकडे पसरते. पाठीचा वारा पडून समोरून धुळीसह गार झोत आला, तर पाऊस बहुधा काही मिनिटांवर आलेला असतो. वळीव एका गावाला झोडपतो आणि शेजारचे गाव कोरडे ठेवतो, त्यामुळे ही खूण मला सकाळी पाहिलेल्या अंदाजापेक्षा अधिक भरवशाची वाटते.

वाऱ्याचा हिशेब साधा असला तरी त्याचे उत्तर अनेकांना पटत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सामान लादलेली सायकल शांत हवेत ताशी २० किलोमीटरने चालवताना केवळ हवा बाजूला सारण्यासाठी साधारण ५५ ते ६० वॅट शक्ती लागते. समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा सुटला आणि वेग तोच ठेवायचा म्हटले, तर हवेचा सापेक्ष वेग दुप्पट झाल्यामुळे विरोध चौपट होतो आणि सुमारे २३० वॅट खर्चावे लागतात. सराव नसलेल्या निरोगी माणसाला तासभर १०० ते १५० वॅटच टिकवता येतात. अगदी काटकोनात येणारा आडवा वारासुद्धा सायकलला मागे खेचतो, कारण त्यामुळे हवेचा एकूण सापेक्ष वेग वाढतो. जोडीने जाणाऱ्यांपैकी मागच्याला पुढच्याची आड मिळून बरीच शक्ती वाचते. एकट्याला ती सवलत नाही. म्हणून वेगाचा हट्ट सोडून गिअर उतरवणे आणि मुक्कामाची वेळ नव्याने ठरवणे एवढेच शहाणपणाचे असते.

ताशी ५० किलोमीटरचा आडवा झोत स्वार आणि सायकल यांना मिळून सुमारे १० किलो वजनाइतका रेटा देतो. एकूण वजन ९० किलो धरले, तर तोल राखण्यासाठी वाऱ्याच्या बाजूला जवळजवळ सहा अंश झुकावे लागते. वारा सतत असेल तर हे शरीर आपोआप साधते. पंचाईत होते ती वारा एकाएकी सुटण्याची किंवा थांबण्याची. कोल्हापूरच्या आसपास रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभा ऊस वाऱ्याला चांगलाच अडवतो, आणि जिथे तोड होऊन रान मोकळे झालेले असते तिथे झोत अचानक कुशीत बसतो. ओव्हरटेक करणारा ट्रक प्रथम वारा अडवतो आणि पुढे निघून जाताच तो पुन्हा मोकळा करतो. अशा ठिकाणी हँडल सैल हाताने धरावे आणि रस्त्याच्या कडेला अगदी खेटून चालू नये.

विजेबद्दल सायकलस्वारांमध्ये एक हट्टी समजूत आहे, ती म्हणजे रबरी टायर आपल्याला वाचवतात. कित्येक किलोमीटर हवा फोडून आलेल्या विजेला काही सेंटिमीटर रबर अडवू शकत नाही. मोटारीत माणूस वाचतो तो टायरमुळे नव्हे, तर भोवतालच्या पत्र्यातून वीज बाहेरच्या बाहेर जमिनीत जाते म्हणून. सायकलला असे कवच नाही. थेट अंगावर वीज पडण्यापेक्षा जवळपास पडलेल्या विजेचा जमिनीतून पसरणारा प्रवाह अधिक बळी घेतो. दोन पायांमधील अंतर जितके जास्त, तितका त्यांच्यातील विद्युतदाबाचा फरक जास्त. झाडाखाली बांधलेली जनावरे एकाच वेळी दगावतात त्याचे हे एक मोठे कारण आहे, कारण त्यांच्या पुढच्या आणि मागच्या पायांत बरेच अंतर असते.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांना तीनने भागले, की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. हा अवधी ३० सेकंदांपेक्षा कमी असेल, तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे आणि आसरा गाठायला हवा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. आसरा म्हणजे पक्के घर, बंद मोटार किंवा एस. टी. बस. एकटे झाड किंवा बाजूंनी उघडी शेड हा आसरा नव्हे. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारासारख्या उघड्या सपाटीवर सायकलस्वार हाच आजूबाजूचा सर्वांत उंच बिंदू असतो, म्हणून तिथे ढग दाटू लागताच, पहिल्या कडकडाटाची वाट न पाहता, खाली उतरावे. पाय जुळवून उकिडवे बसणे हा सर्व मार्ग खुंटल्यावरचा प्रयत्न आहे, त्याला संरक्षण म्हणता येत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे अ‍ॅप जवळ पडणाऱ्या विजांची सूचना देते. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात विद्युतभार राहत नाही. त्याला हात लावता येतो आणि बंद पडलेले हृदय छाती दाबून पुन्हा सुरू होऊ शकते. मात्र ते करायला दुसरे कोणी जवळ असावे लागते.

आषाढात या भागात विजा बऱ्याच कमी होतात, कारण मोसमी ढग तितके उंच वाढत नाहीत. पश्चिमेकडून येणारे वारे सह्याद्रीवर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावर रिकामे होतात. म्हणून कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण १,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तर सुमारे ५५ किलोमीटरवरील गगनबावड्यात त्याच्या कित्येक पट. गगनबावड्याकडे जाताना हाच वारा बहुतेक वेळ तोंडावर असतो. हवा २० अंशांची असली तरी भिजलेल्या कपड्यांतून एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते आणि तिचा मोठा हिस्सा शरीर पुरवते. चढावर स्नायूंच्या कामामुळे ही तूट भरून निघते. पन्हाळ्याहून वाघबीळकडे उतरताना मात्र पायांचे काम थांबते आणि वारा वाढतो, त्यामुळे कोरडा थर उतार सुरू होण्याआधी चढवायचा असतो. शरीराचे आतील तापमान ३५ अंशांखाली गेले की बोटे ब्रेकवर नीट आवळत नाहीत, बोलणे अडखळते आणि विचार मंदावतो. आपला विचार मंदावला आहे हे एकट्याला ओळखता येत नाही, हा यातील सर्वांत वाईट भाग. भिजलेल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो, त्यामुळे वळणाच्या बऱ्याच आधी तो हलका दाबून पाणी पुसून घ्यावे.

गगनबावडा तालुक्यातील पाणी कुंभी नदीतून पंचगंगेला मिळते, त्यामुळे शहरात उघडीप असतानाही नद्या चढत राहतात. कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पश्चिमेकडे निघण्यापूर्वी तिथली त्या दिवशीची पातळी पाहावी. पाण्याचा रेटाही वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि पाणी हवेपेक्षा जवळजवळ ९०० पट घन आहे. सेकंदाला दोन मीटर, म्हणजे चालण्यापेक्षा थोड्याच अधिक वेगाने वाहणारे गुडघाभर पाणी पायांवर आणि चाकांवर २५ ते ३० किलो वजनाइतका जोर लावते. सायकल हातात धरून पूल ओलांडू पाहणाऱ्याच्या बाबतीत चाकांवरचा रेटाही शेवटी त्याच्याच हातांवर येतो, आणि गढूळ पाण्याखाली रस्त्याचा भराव शिल्लक आहे की वाहून गेला आहे, हे वरून दिसत नाही.