मढं दाखवलं म्हणून विनोद काळा होत नाही

हल्ली ज्या सिनेमात एक मढं, एक हवालदार आणि एक घाबरट नायक असतो, त्याच्या पोस्टरवर ‘डार्क कॉमेडी’ छापलेलं असतं. बघणारेही बाहेर येऊन तेच म्हणतात. मग काळ्या विनोदाची चटक असलेला माणूस तिकीट काढतो आणि त्याच्या पदरात कौटुंबिक सिनेमा पडतो. ज्याला कौटुंबिक सिनेमा आवडला असता, तो त्या दोन शब्दांना भिऊन घरीच बसतो.

कौटुंबिक प्रकार सगळ्यांना पाठ आहे, त्यावर फार शाई घालवत नाही. आजोबा वारतात, भाऊबंद जमतात, दहाव्याला कावळा पिंडाला शिवत नाही, सातबाऱ्यावरून धुसफूस होते आणि शेवटी थोरला धाकट्याला मिठी मारतो. मरण हे सगळ्यांना एका ओट्यावर आणायचं निमित्त. नीट जमला तर मीही डोळे पुसत बघतो. त्याने स्वतःला काळं म्हणवून घेऊ नये, एवढंच.

नुकताच पाहिलेला एक सिनेमा घेऊ. नाव सांगत नाही, कारण हा आजार त्याच्या एकट्याचा नाही. रेल्वेतून निवृत्त झालेला बाप ऑक्टोबरात मरतो. आई आधीच गेलेली. दोन्ही मुलगे पंचविशीच्या पुढचे आणि धडधाकट, म्हणजे कुटुंब निवृत्तिवेतन मिळायची सोय नाही. घर चालतं ते बापाच्या पेन्शनवर, आणि तोंडावर नोव्हेंबर. म्हणजे हयातीचा दाखला, पेन्शनर जिवंत आहे हे दरवर्षी बँकेला दाखवायचं. भुसावळात ही कल्पना कुणाला समजावून सांगावी लागत नाही. इथे गल्लोगल्ली रेल्वेचे पेन्शनर आहेत, नोव्हेंबरातली बँकेतली गर्दी सगळ्यांनी पाहिलेली आहे. २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ आलं, मशीनवर अंगठा ठेवला की माणूस जिवंत असल्याची नोंद होते. आता घरात अंगठा आहे, माणूस नाही. बुढा मरना, पेन्शन जित्ती शे, असं अहिराणीत कुणीही म्हणून मोकळा होईल.

पहिला तास सिनेमा हे सगळं बरोबर पकडतो. अंगठ्यासाठी मढं ठेवलंय त्या भाड्याच्या थंड शवपेटीचं बिल दर दिवसाला वाढतंय, आणि ते बिल बापाच्याच पेन्शनमधून भरायचं आहे, यावर दोघा भावांचं भांडण मस्त रंगलंय. मध्यंतरानंतर मात्र उशीखाली चिठ्ठी सापडते. बापानेच लिहून ठेवलेलं असतं की पोरांनो, अडचण आली तर माझी पेन्शन घ्या, मला चालेल. मागे बासरी सुरू होते. ज्या अधिकाऱ्याला फसवायचं तो लाचखाऊ निघतो. शेवटी थोरला नोकरीला लागतो आणि सगळे पैसे व्याजासकट परत भरतो. शेवभाजीवर लालभडक तर्री दाखवून आत साखर घातल्यासारखं झालं.

लोक घसरतात ते इथेच. त्यांना वाटतं विषय काळा म्हणून विनोद काळा. मढं, विष, गळफास, स्मशान यांतलं काहीतरी असलं की झालं. पण तोच विषय दोन्ही प्रकारांत येतो, त्यावरून काही ठरत नाही. बघायचं ते हे की केलेल्या गोष्टीची किंमत कोण भरतं, आणि सिनेमा ती किंमत मागच्या दाराने परत करतो का. कौटुंबिक सिनेमा परत करतो, करायलाच हवी, प्रेक्षक त्यासाठीच आलेला असतो. काळा विनोद करत नाही. तो आपल्या पात्रांना माफी देत नाही आणि त्यांच्यावर हसलेल्या आपल्यालाही देत नाही. चिठ्ठी म्हणजे माफीनामा. मेलेल्याने स्वतः परवानगी दिली म्हटल्यावर पोरांनी केलं ते पाप उरत नाही, आणि पाप नाही तर आपण तासभर हसलो ते कशाला?

हा घोळ कुठून आला याचा मला दाट संशय आहे. कुंदन शाह यांचा १९८३ चा ‘जाने भी दो यारो’ ज्याने पाहिला, त्याला आयुक्त डिमेलोचं मढं आठवतं. महाभारताच्या नाटकात साडी नेसवून द्रौपदी केलेलं. पुढच्या लोकांनी तेवढंच उचललं. पण त्या सिनेमाचा शेवट आठवा. पूल कोसळतो, बिल्डर आणि साहेबलोक आपसांत मिटवून घेतात, आणि दोन्ही भाबडे फोटोग्राफर कैद्याच्या कपड्यांत रस्त्यावरून चालत येतात. मागे ‘हम होंगे कामयाब’ वाजतं आणि ते आपल्याकडे बघून गळ्यावरून हात फिरवतात. मढ्याचा प्रसंग त्या शेवटाने काळा होतो. शेवट बदलून दोघांना निर्दोष सोडा, मग तो नुसता धमाल सिनेमा उरेल.

आणि मढं लागतंच असंही नाही. अनुषा रिझवी यांच्या ‘पीपली लाइव्ह’मध्ये (२०१०) ज्या शेतकरी नथाने नुकसानभरपाईसाठी मरायचं, तो शेवटी जिवंतच असतो. दूर शहरात बांधकामावर मजुरी करत बसलेला. स्फोटात मेला तो नथाच असं सगळे धरून चालतात, पण तो अपघात ठरतो, म्हणून घरच्यांना पैसा मिळत नाही. माती खणून विकणारा होरी महतो तेवढ्यात आपल्या खड्ड्यात मरून जातो आणि त्याच्याकडे एकही कॅमेरा वळत नाही. आमच्या कापसाच्या पट्ट्यात हे लांबचं वाटत नाही. शेतकऱ्याने जीव दिला की सरकारी मदत एक लाख, पण आधी जिल्ह्याची समिती बसते. सातबारा कुणाच्या नावावर, कर्ज कुठल्या बँकेचं, थकलं होतं का. मग पेपरात येतं, अमुक प्रकरणं पात्र, अमुक अपात्र. याच्यावर पटकथा लिहिणाऱ्याला विनोद घालावा लागत नाही, फक्त काढून टाकायचा मोह आवरावा लागतो.

मराठीला तर हे नवीनही नाही. सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’मध्ये (१९७४) मेलेले भाऊराव स्वतःच कीर्तन करतात आणि आपल्याला जुन्याच स्मशानात जाळा म्हणून हटून बसतात. पन्नास वर्षांपूर्वी रंगमंचावर हे चाललं, पुण्यात चाललं. प्रेक्षक तयार नाही हे कारण मला कुणी सांगू नये.

पेन्शनच्या गोष्टीचं तर जास्तच वाईट वाटतं, कारण पुढचा रस्ता सरकारनेच आखून ठेवला होता. केंद्राच्या पेन्शनरला वयाची ऐंशी गाठली की मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ मिळते. पंच्याऐंशीला ३०, नव्वदीला ४०, पंच्याण्णवला ५० आणि शंभरीला पूर्ण १०० टक्के. सिनेमातला बाप मरतो तेव्हा एकोणऐंशीचा आहे! लेखकाने हे वय निवडलं आणि मग विसरला. मला विचाराल तर दाखला मिळायला हवा होता. दरवर्षी मिळायला हवा होता. जिवंतपणी ज्याला चहासाठी तिष्ठत ठेवलं, त्या बापाचा वाढदिवस पोरांनी मनापासून साजरा करायला हवा होता, आणि शंभरीला घरी सत्कार करायला आलेल्या मंडळींना बाप कुठे आहे ते सांगायची वेळ यायला हवी होती. नातवालाही घडवता आलं असतं: ज्याने आजोबाला कधी पाहिलंच नाही, पण नोव्हेंबरात त्याच्या नावाने काय करायचं हे ज्याला तोंडपाठ आहे.

बाकीचे फरक किरकोळ. शिव्या आणि रक्त यांनी सिनेमा काळा होत नाही, नुसता गोंगाट होतो. विडंबन वेगळं, ते गाजलेल्या हिंदी सिनेमांच्या नकला काढणाऱ्या मालेगाववाल्यांनी सगळ्यांना शिकवलंय. उपहासात निशाणा बाहेर असतो, पुढाऱ्यावर किंवा साहेबावर; काळ्या विनोदात तो आपल्या रांगेपर्यंत येतो.

निर्माते प्रमाणपत्राचं कारण पुढे करतात. ‘ए’ मिळालं की सिनेमा टीव्हीवर तसाच दाखवता येत नाही, हक्कांचा पैसा बुडतो, हे खरं आहे. पण या गोष्टीत ‘ए’ मिळण्यासारखं होतं काय? ना शिवी, ना रक्त, ना अंगप्रदर्शन. एक शवपेटी, एक अंगठा आणि दोन लोभी भाऊ. ती चिठ्ठी सेन्सॉरने मागितलेली नव्हती.