पार्श्वभूमी : ‘खाली मार आणि पळ’ या सूचनेचा प्रवास

पुण्यात बेसबॉलकडे वळणारी मुलं कोऱ्या हातांनी येत नाहीत. कुणाच्या मनगटात गल्लीतलं क्रिकेट मुरलेलं असतं, कुणी शाळेत तीन-चार वर्षं सॉफ्टबॉल खेळलेलं असतं. त्यामुळे इथल्या हिटिंग कोचचं काम शिकवण्यापेक्षा मोडण्या-जोडण्याचं जास्त आहे. ‘खाली मार आणि पळ’, म्हणजे चेंडू जमिनीलगत टोलवून पहिल्या बेसकडे (धावून गाठायच्या पहिल्या टप्प्याकडे) धाव, ही अशीच एक मोडावी लागणारी सूचना.

पहिला गोंधळ शब्दांचाच होतो. क्रिकेटमध्ये स्विंग होतो तो चेंडू, इथे स्विंग म्हणजे बॅट फिरवणं. तिथे पिच म्हणजे खेळपट्टी, इथे पिच म्हणजे पिचरने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याने, टाकलेला चेंडू. ‘हिटिंग कोच’ला आपण सरळ फलंदाजी प्रशिक्षक म्हणतो आणि तिथेच गफलत होते. फलंदाज हा शब्द गोलंदाजच्या चालीवर आला. तो उच्चारला की डोळ्यांसमोर सपाट फळी येते. क्रिकेटच्या बॅटची रुंदी सव्वाचार इंचांपर्यंत असू शकते, बेसबॉलची बॅट गोल आणि जास्तीत जास्त २.६१ इंच जाडीची. गोल बॅटने चेंडू नुसता अडवून तग धरता येत नाही. मारण्याजोगा चेंडू सोडला किंवा मारताना हुकला की स्ट्राइक मोजतात आणि तिसऱ्या स्ट्राइकला माणूस बाद होतो. फलंदाजीत बचाव हा निम्मा अभ्यासक्रम असतो, हिटिंगमध्ये त्याला जवळपास जागाच नाही. म्हणून मैदानावर मुलं ‘हिटिंग’ म्हणतात तेच बरोबर आहे, असं माझं मत आहे.

फक्त फटक्यासाठी वेगळा माणूस नेमण्याची पद्धत अमेरिकेतल्या व्यावसायिक क्लबांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळली. तिथे दोन विचार समोरासमोर आले. एक म्हणे, वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर आणा आणि बॅट सपाट फिरवा. दुसरा म्हणे, ताकद कंबरेच्या फिरण्यातून येते आणि बॅट किंचित वर जायला हवी. १९४१ च्या हंगामात .४०६ ची सरासरी (म्हणजे हजारात ४०६ यशस्वी फटके, या प्रमाणात) राखलेल्या एका हिटरने दुसरी बाजू ठामपणे मांडली. त्यामागचा हिशेब साधा होता. पिचर उंचवट्यावर उभा राहून हात वरून आणतो, म्हणजे चेंडू खाली उतरत येतो. १९६९ मध्ये हा उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणला गेला, तरी चेंडूचा उतार राहिलाच. बॅट त्याच रेषेत थोडी वर चढली, तर गाठ पडण्याची शक्यता वाढते.

सॉफ्टबॉलमध्ये हा हिशेब वेगळा असतो. तिथे उंचवटा नसतो आणि चेंडू मांडीजवळून, खालच्या हाताने सुटतो. तो सपाट येतो, कधी छातीकडे चढल्यासारखा वाटतो. तिथे बॅट सपाट किंवा वरून खाली आणण्याला अर्थ आहे.

‘खाली मार आणि पळ’ ही सूचना इथूनच आली आणि तिच्यावरून इथले प्रशिक्षक अजूनही दोन बाजूंना उभे आहेत. चौदा वर्षांखालच्या गटात ती हमखास चालते. मैदान मुरमाचं असतं, जमिनीलगत गेलेला चेंडू कुठेही उडतो. तो अडवायचा, उचलायचा आणि पहिल्या बेसवर अचूक फेकायचा, हे बारा वर्षांच्या मुलाला जड जातं. सॉफ्टबॉलमध्ये बेसचं अंतर ६० फूटच असतं, त्यामुळे चपळ मूल पोचतं आणि संघ जिंकतो. वरच्या पातळीच्या प्रमाणपत्रामागे दहावी-बारावीचे वाढीव गुण असतात, पुढे शासकीय नोकरीतलं ५ टक्के आरक्षण असतं. पालक ‘सर, यंदा राज्य पातळीवर जाईल ना?’ असं विचारतात, तेव्हा सरांना तीन वर्षांनंतरचा स्विंग सुचणं कठीण आहे. मी त्यांना दोष देत नाही. डावखुऱ्या, वेगवान मुलीसाठी तर पळता पळता टोलवणं ही सॉफ्टबॉलमधली खरीखुरी कला आहे.

पण किंमत मुलं मोजतात. सतरा वर्षांखालच्या गटात समोरच्यांचे हात पक्के झालेले असतात आणि बेसबॉलला गेलं की बेसचं अंतर ९० फूट होतं. काल ज्या फटक्यावर टाळ्या मिळाल्या, त्याच फटक्यावर मूल आज बाद होतं. आपलाच खेळ उतरला असं त्याला वाटतं. चुकलेली असते ती जुनी सूचना. ती वेळेवर मागे घेणं हे कोचचं काम होतं.

२०१५ नंतर चित्र झपाट्याने पालटलं. अमेरिकेतल्या सर्वोच्च स्पर्धेच्या तिसांच्या तीस मैदानांवर चेंडूचा वेग आणि बॅटवरून सुटतानाचा कोन मोजला जाऊ लागला. २०१७ मध्ये ६,१०५ होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखे, मैदानाच्या कुंपणापार गेलेले फटके) झाले, २०१९ मध्ये ६,७७६. मधल्या २०१८ च्या हंगामात मात्र यशस्वी फटक्यांपेक्षा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद होणं) जास्त झाले, आणि हे पहिल्यांदाच घडलं. पुण्यातल्या मुलांच्या फोनवर यातला फक्त होमरनचा भाग पोचला. आता मुलं स्लो मोशनमधला एखादा परदेशी स्विंग दाखवून ‘सर, असं करू?’ विचारतात. ‘खाली मार’च्या जागी आंधळेपणाने ‘वर उचल’ आलं, तर मुलाच्या हाती नवं काहीच लागत नाही.

२००८ मध्ये एका टीव्ही स्पर्धेतून निवडलेल्या उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकपटूंना अमेरिकेतल्या क्लबाने करारबद्ध केलं होतं. दोघेही पिचर म्हणून घेतले गेले. जोरात फेकणारा हात वेग मोजून हेरता येतो, हिटर असा हेरता येत नाही. ताशी १४५ किलोमीटर वेगाचा चेंडू ०.४ सेकंदांच्या आसपास पोचतो आणि त्यातला मोठा वाटा बॅट फिरवण्यातच जातो. मारायचं की सोडायचं हे त्याआधीच ठरवावं लागतं.

इथे क्रिकेटवाल्या मुलांकडे एक जमेची बाजू असते. ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडायची शिस्त त्यांना ठाऊक असते. सरावात मात्र ती मोडते, कारण समोरून अलगद टाकलेला प्रत्येक चेंडू मारण्याजोगाच असतो. काही प्रशिक्षक म्हणून मुद्दाम अधूनमधून वाईट चेंडू टाकतात. काही जण बॅट बाजूला ठेवायला लावतात. मूल जाळीमागे, पिचरचा चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या पाठीशी उभं राहतं आणि प्रत्येक चेंडू त्याच्या मिटमध्ये (हातमोज्यात) पोचायच्या आत मोठ्याने फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणतं.