जर्मन गाड्यांचा दबदबा : कशावर उभा राहिला, कुठे खचला

जर्मन गाडीविषयी चालकांना पूर्वीइतके आकर्षण उरले आहे का, हा प्रश्न आता प्रामुख्याने विजेवर चालणाऱ्या गाड्या आणि चिनी स्पर्धा यांच्या अनुषंगाने चर्चिला जातो. ती चर्चा रास्त असली, तरी हा दबदबा मुळात कोणत्या गुणांवर उभा होता आणि विजेची लाट येण्याआधीच त्याला तडा कसा गेला, हे तिच्यात बाजूला पडते. या टिपणाचा भर त्यामुळे मधल्या काळावर, म्हणजे साधारण १९७५ नंतरच्या चार दशकांवर आहे.

मोटारीच्या जर्मनीतील जन्मकथेशी या प्रतिष्ठेचा संबंध मानला जातो तितका जवळचा नाही. १८८७ साली ब्रिटनने परदेशी मालावर मूळ देशाचा उल्लेख करायला लावणारा कायदा केला, तेव्हा जर्मन मालापासून ग्राहकाला सावध करणे हा त्यामागचा एक उद्देश होता. पुढे तोच शिक्का गुणवत्तेची खूण ठरला. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन गाडीला जगभर पोहोचवले ते फोक्सवागनच्या बीटलने. तिने टिकाऊपणाचे नाव कमावले, पण ती मुद्दाम साधी आणि स्वस्त ठेवलेली गाडी होती. आज ज्याला जर्मन गाडीचे वलय म्हटले जाते, ते त्यानंतर घडले.

त्याच्या घडणीत ऑटोबानचा, म्हणजे जर्मनीतील जलद महामार्गांचा, वाटा मोठा आहे. १९७३ च्या तेलटंचाईत पश्चिम जर्मनीने या रस्त्यांवर ताशी १०० किलोमीटरची मर्यादा घातली, मात्र ती काही महिन्यांतच उठली आणि तिच्या जागी १३० किलोमीटरची केवळ शिफारस आली. इतर औद्योगिक देश त्याच सुमारास वेगावर कायमचे बंधन घालत होते. परिणामी ताशी २०० किलोमीटरच्या वेगाने तासभर धावताना ब्रेक, टायर, सस्पेन्शन आणि इंजिनाचे तापमान ताब्यात राहिले पाहिजे, ही अपेक्षा जर्मन अभियंत्यांपुढे रोजच्या वापरातली अपेक्षा म्हणून राहिली. १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आलेली, जोरात ब्रेक लावल्यावर चाके जाम होऊ न देणारी इलेक्ट्रॉनिक एबीएस यंत्रणा, १९८० ची चारही चाकांना जोर देणारी आउडी क्वाट्रो आणि १९८२ च्या मर्सिडीज १९० मधील मागच्या चाकांची पाच दांड्यांची जोडणी ही सर्व याच वातावरणातली फळे होत. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रमुख उत्पादकांनी आपापसांत समजुतीने कमाल वेग २५० किलोमीटरवर रोखला, तेव्हा तो निर्णयसुद्धा प्रतिष्ठेत भरच घालून गेला, कारण गाडी याहून जोरात जाऊ शकते पण मुद्दाम अडवली आहे, असा त्याचा अर्थ लोकांनी लावला.

चालकाला हे सगळे तपशील ठाऊक असत असे नाही. दरवाजा बंद होतानाचा आवाज, वळणावर स्टिअरिंगमधून हाताला मिळणारी जाणीव, तीन लाख किलोमीटर धावलेल्या टॅक्सीचे न कुरकुरणारे इंजिन यांवरून तो एक अनुमान काढत असे : जिथे माझी नजर पोहोचत नाही, तिथेही काम चोख झाले आहे. माझ्या मते जर्मन गाडीची खरी पुंजी ही होती. वेग आणि चामड्याच्या आसनांची ऐट इतरांनाही साधत होती.

मागणीची दुसरी बाजू त्या मानाने कमी बोलली जाते. जर्मनीत नव्या गाड्यांपैकी बहुसंख्य गाड्यांची नोंदणी व्यक्तींच्या नव्हे, तर कंपन्यांच्या नावे होते. १९९६ पासून, मालकाने दिलेली गाडी खासगी कामाला वापरणाऱ्या कर्मचाऱ्याच्या उत्पन्नात गाडीच्या छापील किमतीचा एक टक्का दरमहा धरून त्यावर कर आकारण्याची सोय आहे. मधल्या फळीतील अधिकाऱ्याला स्वतःच्या पगारातून जी गाडी परवडली नसती, ती या वाटेने मिळत गेली, आणि तीन-चार वर्षांनी तीच गाडी सुस्थितीत जुन्या बाजारात आली. देशांतर्गत प्रतिष्ठेचा मोठा भाग असा करव्यवस्थेने पोसलेला आहे.

नावाला धक्के पूर्वीही बसले होते. १९८० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत आउडीच्या गाड्या आपोआप वेग घेतात असे आरोप झाले. १९८९ च्या सरकारी चौकशीने बहुतेक घटनांचे कारण चुकीच्या पेडलवर पडलेला पाय हे ठरवले, परंतु तोवर तिथली विक्री कोसळू लागली होती. १९८५ मध्ये सुमारे ७४,००० असलेला आकडा १९९१ पर्यंत सुमारे १२,००० वर आला. १९८९ मध्येच आलेल्या जपानी लेक्सस एलएस ४०० ने शांतता आणि निर्दोष जुळणी कमी किमतीत देता येते हे दाखवून दिले. मर्सिडीजच्या नव्वदीच्या दशकातील काही मॉडेलांच्या वायरींचे आवरण तडकू लागले, पत्रे गंजू लागले, आणि २००५ मध्ये इलेक्ट्रॉनिक व ब्रेक यंत्रणेतील दोषांपायी सुमारे १३ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. यांपैकी प्रत्येक वेळी नाव सावरले. चूक झाली, ती कळली, दुरुस्त केली, असे म्हणायला जागा होती.

फोक्सवागनच्या डिझेल गाड्यांच्या उत्सर्जनातील फसवणुकीच्या प्रकरणात ती जागा उरली नाही, म्हणून त्यामागच्या निर्णयाकडे जरा सविस्तर पाहिले पाहिजे.

थेट इंधन फवारणी आणि टर्बो (इंजिनात दाबाने जादा हवा भरणारे यंत्र) यांची सांगड घालणारे डिझेल इंजिन १९८९ मध्ये आउडी १०० मध्ये सादर झाले आणि डिझेल गाडीवरचा मंद, धूर ओकणारी हा शिक्का काही वर्षांत पुसला गेला. १९९८ मध्ये युरोपातील उत्पादकांनी नव्या गाड्यांचे सरासरी कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन २००८ पर्यंत किलोमीटरमागे १४० ग्रॅमवर आणण्याचे स्वेच्छेने मान्य केले, आणि पेट्रोलपेक्षा कमी इंधन जाळणारे डिझेल हा त्यासाठीचा जवळचा मार्ग होता. बहुतेक देशांत डिझेलवरचा करही कमी होता. पुढच्या दशकात पश्चिम युरोपात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांपैकी निम्म्याहून अधिक डिझेलच्या झाल्या. किंमत मोजावी लागली ती नायट्रोजनच्या ऑक्साइडांच्या रूपाने. सिलिंडरमधले तापमान आणि जादा हवा यांमुळे हे वायू डिझेल इंजिनात अधिक बनतात आणि पेट्रोल गाडीतला धूर शुद्ध करणारा साधा उत्प्रेरक त्यांच्यावर चालत नाही.

फोक्सवागनने हेच डिझेल अमेरिकेत नेण्याचे ठरवले, तेव्हा अडचण आकड्यांत स्पष्ट दिसत होती. तिथली या वायूंची मर्यादा किलोमीटरमागे सुमारे ४३ मिलिग्रॅम होती. युरोपात २००९ पासून लागू झालेली मर्यादा १८० मिलिग्रॅमची होती. मार्ग दोन होते. एक म्हणजे धुरात युरियाचे द्रावण फवारून त्या वायूंचे नायट्रोजन आणि पाण्यात रूपांतर करायचे. यासाठी वेगळी टाकी, वेगळी नळी, वेगळा खर्च आणि टाकी वेळोवेळी भरण्याची कटकट होती. दुसरा म्हणजे वायू साठवून ठेवणारा सापळा बसवायचा आणि जादा इंधन जाळून तो अधूनमधून साफ करायचा. हे स्वस्त होते, पण इंधन अधिक खर्च होई आणि काजळीच्या गाळणीवर ताण येई. युरियाच्या तंत्रासाठी मर्सिडीजशी झालेली भागीदारी २००७ मध्ये मागे पडली आणि छोट्या गाड्यांसाठी दुसरा मार्ग धरला गेला. तो प्रामाणिकपणे मर्यादेत बसत नव्हता. तेव्हा गाडी प्रयोगशाळेत तपासली जात आहे हे ओळखून तेवढ्यापुरते उत्सर्जन कमी करणारे सॉफ्टवेअर बसवण्यात आले.

अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या छोट्या गटाने प्रत्यक्ष रस्त्यावर केलेल्या मोजमापाचा अहवाल २०१४ मध्ये आला, तेव्हा फोक्सवागनची जेटा मर्यादेच्या १५ ते ३५ पट वायू सोडताना आढळली. त्याच चाचणीतील बीएमडब्ल्यू एक्स५ बहुतेक वेळ मर्यादेच्या आसपास किंवा आत राहिली, हा तपशील मला निर्णायक वाटतो. युरियाचे तंत्र उपलब्ध होते, जर्मन उत्पादक ते वापरत होते आणि ते चालत होते. ते न वापरण्याचा निर्णय घेतला गेला. सप्टेंबर २०१५ मध्ये प्रकरण जाहीर झाले, जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांमध्ये हे सॉफ्टवेअर असल्याचे कबूल करण्यात आले आणि दंड, भरपाई व दुरुस्तीचा एकूण खर्च ३० अब्ज युरोंच्या पुढे गेला.

उरलेल्या उत्पादकांनी त्या वेळी अंतर राखले. मात्र जुलै २०२१ मध्ये युरोपीय स्पर्धा नियामकांनी फोक्सवागन आणि बीएमडब्ल्यू यांना मिळून ८७.५ कोटी युरोंचा दंड ठोठावला. २००९ ते २०१४ या काळात पाच जर्मन नाममुद्रांचे प्रतिनिधी युरियाच्या टाकीचा आकार आणि एका भरणीत गाठायचे अंतर यांवर संगनमत करत होते, म्हणजे कायद्याने मागितले त्याहून स्वच्छ गाडी देण्याची स्पर्धा आपसांत टाळत होते, असा निष्कर्ष होता. तिसऱ्या मोठ्या उत्पादकाने, म्हणजे मर्सिडीज बनवणाऱ्या डाइम्लरने, माहिती आधी पुरवल्यामुळे त्याला दंड माफ झाला. फसवणुकीच्या सॉफ्टवेअरचा आरोप या प्रकरणात नव्हता. तरीही जर्मन नाममुद्रा एकमेकींवर मात करण्यासाठी चढाओढ करतात, या समजुतीलाच त्याने छेद दिला.

सामान्य मालकाला झळ पोहोचली ती वेगळ्या मार्गाने. फेब्रुवारी २०१८ मध्ये जर्मनीतील न्यायालयाने शहरांना जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी घालण्याची मुभा दिली. हांबुर्गने दोन रस्त्यांवर आणि २०१९ मध्ये श्टुटगार्टने, म्हणजे मोटारउद्योगाच्या राजधानीनेच, ती अमलात आणली.

चीनमधील घसरण या पार्श्वभूमीवर वाचायला हवी. तिथे १९८४ च्या करारातून फोक्सवागनच्या सांताना गाडीचे नियमित उत्पादन सुरू झाले, पुढे काळी आउडी सरकारी अधिकाराची खूण बनली आणि दोन दशके नफ्याचा मोठा वाटा तिथूनच आला. २०२३ मध्ये बीवायडी या चिनी कंपनीने तिथल्या विक्रीतील फोक्सवागनचे पहिले स्थान घेतले. पोर्शेने २०२१ मध्ये चीनमध्ये ९५,००० हून अधिक गाड्या दिल्या होत्या. २०२४ मध्ये तो आकडा ५७,००० च्या आत आला. तिथल्या तरुण ग्राहकाला गाडीतले सॉफ्टवेअर, आवाजाने चालणाऱ्या आज्ञा आणि स्वयंचलित मदत हवी असते, आणि नेमक्या त्याच बाबतीत जर्मन गाड्या मागे पडल्या, फोक्सवागनची इलेक्ट्रिक आयडी.३ सॉफ्टवेअरमुळे रखडली, पोर्शेची इलेक्ट्रिक मकान (Macan) गाडीही. २०२४ च्या अखेरीस आउडीने चीनसाठी स्थानिक भागीदारासह नवी नाममुद्रा आणली, आणि तिच्यावरून चार कड्यांचे चिन्ह वगळले.

चालवण्याच्या आनंदासाठी गाडी घेणाऱ्यांचा ओढा मात्र आटलेला नाही, आणि तो कुठे आहे हे विक्रीतून दिसते. २०२४ मध्ये पोर्शे ९११ च्या ५०,००० हून अधिक गाड्या ग्राहकांना मिळाल्या, आधीच्या वर्षापेक्षा थोड्या जास्तच. त्याच वर्षी पोर्शेच्याच इलेक्ट्रिक टायकानची विक्री जवळपास निम्मी झाली. फोक्सवागनच्या आठव्या पिढीच्या गोल्फमधील, अंधारात न दिसणाऱ्या स्पर्शपट्ट्यांवर मालकांनी इतकी टीका केली की उत्पादकाला स्टिअरिंगवर खरी बटणे परत आणावी लागली. फोक्सवागनने २०२३ मध्ये शाओपेंग (एक्सपेंग) या चिनी इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपनीत ७० कोटी डॉलर गुंतवले आणि पुढच्या वर्षी अमेरिकेतील रिव्हियन या तशाच कंपनीशी सॉफ्टवेअरसाठी भागीदारी केली. सस्पेन्शन, स्टिअरिंग आणि सांगाडा यांचे ज्ञान अजून घरचे आहे, पण चालक ज्या पडद्याशी रोज व्यवहार करतो त्यामागची बुद्धी या उद्योगातील सर्वांत मोठी कंपनी आता काही अंशी बाहेरून घेत आहे.