रंगीत फोटोंची घरगुती छपाई

डिजिटल कॅमेऱ्याने किंवा मोबाइलने काढलेले फोटो घरच्याच प्रिंटरवर कागदावर उतरवणे. यासाठी मुख्यतः शाईचे बारीक थेंब कागदावर फवारणारे इंकजेट प्रिंटर वापरतात. ४×६ इंची फोटोंसाठी डाय-सब्लिमेशन पद्धतीचे, म्हणजे पट्टीवरचा रंग उष्णतेने कागदात उतरवणारे छोटे प्रिंटरही मिळतात. फोटो काळपट आला किंवा चेहरे लालसर दिसले की बोल प्रिंटरला लागतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा प्रिंटर ठणठणीत असतो आणि संगणकाचा किंवा मोबाइलचा पडदा, कागद व सेटिंग यांचाच मेळ बसलेला नसतो.

पडदा स्वतः प्रकाश देतो. लाल, हिरवा व निळा प्रकाश मिसळून त्यावर रंग दिसतात. कागदावरची सायन (हिरवट निळी), मॅजेंटा (जांभळट गुलाबी), पिवळी व काळी शाई मात्र पडलेल्या प्रकाशातला काही भाग शोषते आणि उरलेला परत पाठवते. त्यामुळे पडद्यावरचे काही झगझगीत हिरवे-निळे रंग कागदावर तसेच्या तसे येऊच शकत नाहीत. काळपटपणाचे कारण साधे आहे: पडदा फार उजळ ठेवलेला असतो. छपाईसाठी फोटो सुधारताना पडद्याची उजळता प्रति चौरस मीटर ८० ते १२० कँडेला (उजेड मोजायचे एकक) ठेवतात. मोजायचे यंत्र नसेल, तर पांढरा कागद पडद्याशेजारी चांगल्या उजेडात धरावा आणि दोन्ही पांढरे सारखे वाटेपर्यंत पडदा मंद करावा. एवढ्यानेही मोठा फरक पडतो.

एखादा पडदा किंवा प्रिंटर रंग कसे दाखवतो याची नोंद ठेवणाऱ्या फाइलला प्रोफाइल म्हणतात; तिचे मानक आयसीसी (इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम) या १९९३ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने घडवले. घरगुती कामाला १९९६ चे एसआरजीबी हे रंगांचे प्रमाणित मोजमाप पुरेसे आहे. रंग सांभाळण्याचे काम फोटोचे सॉफ्टवेअर किंवा प्रिंटरचा ड्रायव्हर (संगणकातून प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम) यांपैकी एकाकडेच द्यावे; दोघांनीही दुरुस्ती केली की रंग हमखास बिघडतात.

सर्वांत जास्त दुर्लक्ष कागदाकडे होते. साध्या कागदात शाई पसरते. फोटो पेपरवरचा लेप ती जागच्या जागी धरून ठेवतो. ड्रायव्हरमध्ये निवडलेल्या कागदाच्या प्रकारावरून प्रिंटर किती शाई सोडायची ते ठरवतो. म्हणून ग्लॉसी (चकचकीत) कागद घालून सेटिंग ‘प्लेन पेपर’वरच राहिले, तर महागडा प्रिंटरही फिका, रेघाळ फोटो देतो. मॅट (चमक नसलेल्या) कागदाची छापायची बाजू ओळखण्यासाठी किंचित ओलसर बोट कोपऱ्याला लावतात. लेपाची बाजू बोटाला चिकटते. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, कागद दमट होतो आणि शाई वाळायला वेळ लागतो. पाकीट घट्ट बंद ठेवलेले बरे.

४×६ इंची फोटोला इंचाला ३०० पिक्सेल या हिशेबाने १२००×१८०० पिक्सेल लागतात. आजच्या मोबाइलला ते जड नाही. अडचण चौकटीची असते. मोबाइलचा फोटो सहसा ४:३ आणि कागद ३:२, त्यामुळे बिनकडेच्या छपाईत लांब बाजूंचा भाग कापला जातो आणि गटाच्या आडव्या फोटोत मागच्या रांगेतल्यांची डोकी जातात. कापणी आधी स्वतः करावी.

प्रिंटर बरेच दिवस बंद असेल, तर आधी नोझल (शाई सोडणारी बारीक छिद्रे) तपासणीचा नमुना छापावा. त्यातली रेघ तुटक असेल, तर तेवढ्यापुरते हेड (ही छिद्रे असलेला भाग) साफ करावे. उठसूट सफाई केल्यास शाईच वाया जाते. रंगाची पारख शाई पूर्ण वाळल्यावर, दिवसाच्या उजेडात करावी. डाय शाईचे (विरघळलेल्या रंगाच्या शाईचे) रंग ग्लॉसी कागदावर खुलून दिसतात, पण ऊन आणि हवेतला ओझोन यांनी लवकर उडतात. रंगाचे बारीक कण असलेली पिगमेंट शाई अधिक टिकते. भिंतीवर लावायचा फोटो काचेमागे, थेट ऊन न येणाऱ्या जागी ठेवावा.