पिना की टाके?

सांगलीहून मिरजेला जाताना पुढच्या रिक्षाच्या पाठीवर जाहिरात होती : ‘लेझर स्टेपलर सुंता, दहा मिनिटांत मोकळे.’ स्टेपलर खरं, दहा मिनिटंही बहुतेक खरी. पण स्टेपलरमध्ये लेझर नसतो. कापतं ते गोल पोलादी पातं.

मोठ्या माणसांना हे ऑपरेशन बहुधा फायमोसिससाठी लागतं, म्हणजे शिश्नाच्या टोकावरची कातडी मागे सरत नाही. चाळिशीनंतर असं नव्यानं झालं तर आधी शुगर तपासा. लघवीतून साखर जाते, कातडीखाली बुरशी माजते, भेगा पडतात आणि त्या भरताना कातडी आवळत जाते. डापाग्लिफ्लोझिन ही मधुमेहावरची गोळी साखर मुद्दामच लघवीवाटे काढते, त्यामुळे हा त्रास वाढू शकतो. गोळी मनानं बंद करू नका, पण डॉक्टरांना सांगा. आपल्याकडे लाजेपायी माणूस आधी मेडिकलमधून मलमाच्या चार ट्यूब संपवतो.

स्टेपलरमध्ये प्लास्टिकची एक घंटा असते, तिला दांडी. घंटा कातडीच्या आत टोपीसारखी बसवतात आणि कातडी दांडीभोवती बांधतात. दांडी यंत्रात ओवून नट आवळला की कातडी मधे घट्ट चिमटते. मूठ दाबली की पातं कापतं आणि त्याच दमात बारीक पिनांचं कडं बसतं. भूल स्टेपलर आणि टाके, दोन्ही पद्धतींत शिश्नाच्या बुंध्याशी इंजेक्शन देऊन देता येते.

टाक्यांना साधारण अर्धा तास लागतो. सर्जन एकेक रक्तवाहिनी डागतो, मग विरघळणारे टाके घालतो. तुलनात्मक अभ्यासांत स्टेपलरनं वेळ वाचतो, रक्त कमी जातं. पण यंत्र एकदाच वापरायचं, त्याची किंमत बिलात येते. एखादी पिन नीट बसली नाही तर आत रक्त साकळतं आणि शेवटी सुई-दोराच हाती घ्यावा लागतो. कातडी फारच आवळलेली असेल तर घंटा आत जायलाही आधी चीर द्यावी लागते. जाड, सुजलेल्या कातडीला मला तरी टाकेच बरे वाटतात. किती कापायचं ते डोळ्यांनी बघून ठरवता येतं.

शरीरसंबंध मात्र दोन्हीकडे चार ते सहा आठवडे बंद. पिना दोन-चार आठवड्यांत आपोआप गळतात. रुतून बसलेल्या घरी नखानं उपटू नका, डॉक्टर काढून देतात. आणि कातडीवर पांढरट, कडक चट्टे असतील, तर कापलेला तुकडा तपासणीला पाठवणार का, एवढं ऑपरेशनआधीच विचारा.