बिअरवरचा फेस आणि त्याचा शत्रू चकणा

परमिट रूममध्ये वेटरने ओतलेल्या बिअरवर तीन बोटं फेस आला की टेबलावरचा कुणीतरी हमखास ओरडतो, "अरे, ग्लास तिरका धर!" मग धार काचेवरून सावकाश उतरवली जाते आणि वर जेमतेम चार बुडबुडे असलेली बिअर समोर येते. पैसे बिअरचे दिलेत, हवेचे नाही, असा त्यामागचा हिशेब असतो. बाटलीतल्या बिअरला तो लागूच पडत नाही. 650 मिलीची अख्खी बाटली तुमचीच आहे आणि फेस खाली बसला की त्याची पुन्हा बिअरच होते. निसटतो तो फक्त कार्बन डायऑक्साइड, आणि तो ग्लासात सुटला नाही तर पोटात सुटतो.

हा फेस म्हणजे खाद्यजगातली एक अफाट सुंदर रचना आहे, असं माझं ठाम मत आहे. सोड्यातही तोच वायू असतो, बुडबुडेही येतात, पण ते वर पोचताच फुटून जातात. बिअरचे बुडबुडे मात्र पृष्ठभागावर एकमेकांना चिकटून मिनिटंच्या मिनिटं उभे राहतात. हा फरक वायूचा नाही, बुडबुड्याभोवतीच्या पातळ पडद्याचा आहे.

आधी बुडबुडा जन्मतो कसा ते पाहू. लागर प्रकारच्या बिअरमध्ये लिटरला साधारण 5 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. झाकण उघडलं की दाब उतरतो आणि एवढा वायू द्रवात मावेनासा होतो. तरी तो कुठूनही बाहेर पडू शकत नाही. अगदी सूक्ष्म बुडबुडा तयार होताना त्याचा स्वतःचा पृष्ठताणच त्याला चिरडून टाकतो, म्हणून सुरुवातीला हवेचा एखादा तयार कप्पा लागतो. काचेवरचा ओरखडा, पुसायच्या कापडाचा चिकटलेला धागा, मिठाचा खडबडीत दाणा अशा जागी तो मिळतो. बिअरमध्ये मीठ टाकल्यावर ती फसफसते, त्यात रासायनिक क्रिया काही होत नाही. मिठाने बुडबुड्यांना फक्त जागा करून दिलेली असते. धार उंचावरून ओतली तर हवाच आत ओढली जाते आणि असे लाखो कप्पे एकदम तयार होतात.

आता तो पडदा. मोड आणून भट्टीत वाळवलेली बार्ली म्हणजे माल्ट. त्यात दोन प्रथिनं आपल्या कामाची आहेत, 'प्रोटीन झेड' आणि 'लिपिड ट्रान्सफर प्रोटीन 1'. यातलं दुसरं माझं विशेष आवडतं. दाण्यात असताना हा लहानसा रेणू घट्ट गुंडाळलेला असतो आणि गंधकाच्या चार बंधांनी आवळलेला असतो. या अवस्थेत त्याच्याकडून फेस फारसा होत नाही. पण बिअर बनवताना माल्टचं गोड पाणी तासभर किंवा जास्त वेळ खळखळून उकळतात, तेव्हा त्याची गुंडाळी सैल होते आणि आत दडलेले, पाण्याशी न पटणारे भाग उघडे पडतात. मग हा रेणू पाणी आणि वायू यांच्या सीमेवर जाऊन बसतो. पाणी आवडणारं अंग पाण्यात, न आवडणारं वायूकडे. अशा रेणूंची दाटी झाली की बुडबुड्याभोवती लवचीक कातडं तयार होतं.

उकळतानाच हॉप्स घालतात. हॉप्स म्हणजे एका वेलीची शंकूसारखी फुलं. आपल्याकडे हिमाचलातल्या लाहौलमध्येही ही वेल लावतात. त्यातली अल्फा ॲसिडं उष्णतेने रचना बदलतात आणि आयसो-अल्फा ॲसिडं होतात. बिअरचा कडूपणा यांचाच. हीच ॲसिडं प्रथिनांना धरून ठेवतात, शेजारच्या रेणूंना सांधतात आणि पडदा कडक करतात. घोट घेतल्यावर काचेच्या आतून जी जाळी उरते, ती या जोडीची खूण. नुसता फेस चमच्याने चाखून बघा, खालच्या बिअरपेक्षा तो कडू लागतो, कारण कडू रेणू तिथे जमा झालेले असतात. सुगंधाचे बरेच रेणूही पृष्ठभागाकडे ओढले जातात आणि बुडबुडा फुटताना उडणाऱ्या अतिसूक्ष्म थेंबांबरोबर नाकापर्यंत पोचतात. गव्हाच्या बिअरमध्ये केळ्याचा वास येतो तो आयसोअमाइल ॲसिटेटचा आणि लवंगेची छटा येते ती 4-व्हिनाइल ग्वायकॉलची. दोन्ही यीस्टची करामत. गव्हामुळे या बिअरमध्ये प्रथिनं जास्त, त्यामुळे फेसही दणदणीत. पुण्यातल्या मायक्रोब्रुअरीत ही बिअर मागवून कुणी तिचा फेस काढून टाकायला सांगतं तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं.

फेस शेवटी मरतोच, पण कसा? एक तर पडद्यांतलं पाणी गुरुत्वाकर्षणाने खाली झिरपतं आणि पडदे पातळ होऊन फुटतात. दुसरं कारण जास्त गमतीचं. बुडबुड्याच्या आत बाहेरच्यापेक्षा जादा दाब असतो आणि तो त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असतो: पृष्ठताणाची दुप्पट भागिले त्रिज्या. 1 मिलिमीटर त्रिज्येच्या बुडबुड्यात हा जादा दाब सुमारे 90 पास्कल, तर 0.1 मिलिमीटरच्या बुडबुड्यात सुमारे 900 पास्कल. म्हणजे लहान बुडबुड्यात दाब जास्त. दोघं शेजारी असले की वायू मधल्या पडद्यात विरघळतो आणि लहानातून मोठ्यात जातो. लहान आणखी लहान होतो, त्याचा दाब आणखी वाढतो, वायू आणखी वेगाने निसटतो आणि तो नाहीसा होतो. मोठा फुगत राहतो. एकही पडदा न फुटता फेस भरड होत जातो. याला ऑस्टवाल्ड पक्वन म्हणतात.

या प्रक्रियेचा वेग वायू पाण्यात किती विरघळतो यावर ठरतो. कार्बन डायऑक्साइड नायट्रोजनपेक्षा पन्नासपटीहून जास्त विरघळतो, म्हणून पडदा ओलांडणं त्याला सोपं जातं. डब्लिनच्या गिनेस या बिअर कंपनीने 1959 मध्ये नळाच्या काळ्या बिअरसाठी नायट्रोजनचं मिश्रण आणलं. त्यामागे होते मायकल ॲश, मुळात गणिताचे अभ्यासक. नायट्रोजन एका बुडबुड्यातून दुसऱ्यात सहज जात नाही, त्यामुळे बारीक बुडबुडे बारीकच राहतात आणि फेस सायीसारखा मऊ लागतो.

आता चकणा. रवा लावून तळलेले बोंबील, भजी, शेव-फरसाण यांच्यासोबत बिअर पिताना दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला फेस गायब होतो आणि दोष बिअरच्या ब्रँडला दिला जातो. दोष तेलाचा असतो. ओठांवरून आलेले तेलाचे रेणू पृष्ठभागावर झपाट्याने पसरतात आणि प्रथिनांना जागेवरून हटवतात. पण एकमेकांना धरून कडक पडदा करणं त्यांना जमत नाही, त्यामुळे तेल आलं तिथे पडदा दुबळा होतो आणि फाटतो. घरोघरी डाळ कुकरला लावताना तेलाचे चार थेंब घालतात, म्हणजे फेस उतू जाऊन शिट्टी चोंदत नाही. बोंबील ग्लासात नेमकं हेच करतो. लिपस्टिकही तेच करते.

म्हणून तळलेलं खाणं सोडा असं मी मुळीच म्हणणार नाही. बोंबील आणि गार लागर ही जोडी मला अतिशय प्रिय आहे. घोट घेण्याआधी ओठ कागदी रुमालाने टिपायचे, एवढं पुरतं. ग्लास नीट धुऊन, साबणाचा अंश न ठेवता, उपडा घालून वाळवावा. ओतल्यावर काचेच्या आतल्या बाजूला बुडबुड्यांचे पुंजके चिकटून राहिले, तर तिथे तेलकटपणा आहे असं समजावं. आणि बर्फाचा थर चढलेला ग्लास नको. त्यावरच्या बर्फकणांवर फेस भसाभसा उसळतो, आणि जिभेला बधिर करणाऱ्या गारठ्यात वास-चव काही कळत नाही.

इथे एका अंधश्रद्धेचाही समाचार घ्यायला हवा. बिअर टिकावी म्हणून कंपन्या ग्लिसरीन घालतात, म्हणून बाटली उघडून पाणी भरलेल्या ग्लासात उपडी धरायची, की ग्लिसरीन खाली उतरतं, अशी समजूत आपल्याकडे सुशिक्षित माणसंही पाळतात. खाली उतरताना दिसते ती बिअरच. न आंबलेल्या शर्करांमुळे बिअर सहसा पाण्यापेक्षा किंचित जड असते, म्हणून ती खाली येते आणि तिच्या जागी ग्लासातलं पाणी बाटलीत चढतं. दोघांचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचं प्रमाण, वेगळा असल्याने मधे तेलकट रेषा हलताना दिसतात. थोडं ग्लिसरीन यीस्ट स्वतःच आंबवताना तयार करतं, पण ते पूर्ण विरघळलेलं असतं. बाटली उपडी करून ते वेगळं होणं अशक्य. या विधीने मिळते ती पाणी घातलेली बिअर.

फेसाचं मरण मोजताही येतं. म्युनिकच्या लुडविग मॅक्सिमिलियन विद्यापीठातल्या आर्न्ट लाइके यांनी वेगवेगळ्या बिअरच्या फेसाची उंची ठराविक वेळाने मोजली आणि ती घातांकी नियमाने, म्हणजे दर ठराविक वेळात सारख्याच पटीने, घटते हे दाखवलं; आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिलं जाणारं इग नोबेल, 2002 चं भौतिकशास्त्राचं, त्यांना त्यासाठी मिळालं. किरणोत्सारी पदार्थासारखंच इथेही अर्धायुष्य, म्हणजे फेस निम्मा व्हायला लागणारा वेळ, काढता येतं. उभट, सरळ बाजूंचे दोन स्वच्छ ग्लास घ्या, दोन्हींत एकाच बाटलीतली बिअर सारख्या उंचीवरून ओता आणि एकाच्या फेसाला बोंबिलाचं तेल लागलेलं बोट लावा. बाहेर पट्टी धरून दर अर्ध्या मिनिटाला उंची लिहीत जा. दोन्ही आलेख शेजारी काढले की फेसाच्या आयुष्यातलं किती तेलाने खाल्लं ते थेट मिनिटांत मिळेल.