मायक्रोस्कोपवर ४०चं ऑब्जेक्टिव्ह धूसर दिसतंय? मशीन पाठवण्याआधी हे वाचा

"४ दिसतं, १० दिसतं, १०० पण दिसतं, फक्त ४०वर सगळं धुकं. मशीन गेलं वाटतं." फोन कळव्याच्या लॅबचा असो की कोपरखैरण्याच्या ज्युनिअर कॉलेजचा, तक्रार शब्दाला शब्द हीच असते. मग मशीन रिक्षात घालून ठाण्यात वागळे इस्टेटला आमच्या वर्कशॉपवर येतं, आम्ही ४०चं ऑब्जेक्टिव्ह (स्लाइडकडे तोंड असलेली ४० पटीची लेन्स) काढून उजेडात धरतो आणि पुढच्या लेन्सवर तेलाचा तवंग दिसतो. मशीनला काहीच झालेलं नसतं. तुमचा अर्धा दिवस मात्र गेलेला असतो, रिपोर्ट खोळंबलेले असतात आणि वर आमचं बिल. ते टळावं म्हणून हे पत्रक काढलं आहे. मायक्रोस्कोपशेजारच्या भिंतीवर चिकटवून टाका, खुशाल.

कुठला भाग काय करतो

भाग तुम्हाला माहीत आहेतच, त्यामुळे लांबण लावत नाही. उजेड ज्या वाटेने वर जातो त्याच वाटेने जाऊ. बेसमधला दिवा (शाळेच्या जुन्या मशीनला आरसा) उजेड वर पाठवतो. कंडेन्सर तो गोळा करून स्लाइडवर पाडतो. कंडेन्सरमधली आयरिस त्या झोताची रुंदी कमी-जास्त करते. स्टेजवर स्लाइड. ऑब्जेक्टिव्ह स्लाइडची पहिली प्रतिमा तयार करतं आणि आयपीस तीच प्रतिमा मोठी करून डोळ्याला दाखवतं. मोठा नॉब स्लाइड नजरेच्या टप्प्यात आणायला, छोटा नॉब नेमकं फोकस साधायला. ४०वर गेल्यावर मोठ्या नॉबला हात लावायचा नाही, हे प्रत्येक प्रॅक्टिकलला सांगितलं जातं आणि तरीही दर वर्षी स्लाइडा फुटतात.

बारकावा जो काही मिळायचा तो ऑब्जेक्टिव्हलाच मिळतो. तिथे जे सुटलं ते आयपीस कितीही पॉवरचं लावलं तरी उमटत नाही, नुसतं मोठं आणि फिकं दिसतं. म्हणून १०चं आयपीस काढून २०चं मागायला येणाऱ्यांना आम्ही आधी थांबवतो, विक्री बुडाली तरी बेहत्तर.

ऑब्जेक्टिव्हच्या अंगावर आकडे कोरलेले असतात, ते एकदा वाचून ठेवा. ४०/०.६५ असं लिहिलेलं असेल तर ४० म्हणजे किती पट आणि ०.६५ म्हणजे स्लाइडवरून येणारा प्रकाश ते किती रुंद कोनातून उचलू शकतं. हा दुसरा आकडा जितका मोठा तितका बारकावा जास्त. त्याखाली १६०/०.१७ असतं. १६० मिलिमीटर ही ट्यूबची लांबी आणि ०.१७ मिलिमीटर ही कव्हरस्लिपची (स्लाइडवर झाकायच्या पातळ काचेची) जाडी, जी धरून ती लेन्स बनवलेली आहे. काही नव्या मशीनच्या ऑब्जेक्टिव्हवर १६०च्या जागी आडव्या आठसारखी अनंताची खूण असते. ही दोन्ही कुळं वेगळी. आटे जुळतात, ऑब्जेक्टिव्ह छान फिरून बसतं, पण प्रतिमा नीट येत नाही. ऑनलाइन स्वस्तात मागवलेलं ४०चं ऑब्जेक्टिव्ह "बसतंय पण दिसत नाही" म्हणून आमच्याकडे येतं ते यामुळेच. घेण्याआधी जुन्या ऑब्जेक्टिव्हचा फोटो आम्हाला पाठवा. आमच्याकडून घ्या न घ्या, कुठलं लागेल ते सांगू.

तेल ४०ला लागतं कसं

१००च्या ऑब्जेक्टिव्हवर साधारण १.२५ लिहिलेलं असतं. समोर हवा असेल तर हा आकडा १च्या पुढे जाऊच शकत नाही. म्हणून स्लाइड आणि लेन्स यांच्यामध्ये तेल भरायचं. इमर्शन ऑइलचा (या तेलाचा) अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकवतं त्याचा आकडा, १.५१५च्या आसपास, म्हणजे जवळजवळ काचेइतकाच, त्यामुळे काचेतून निघालेले किरण वाटेत न वाकता सरळ लेन्समध्ये जातात. जर्मनीतल्या येना गावी झाइसच्या कारखान्यात एर्न्स्ट आबे यांनी १८७८ साली ही तेलाची ऑब्जेक्टिव्ह तयार केली. तुमच्या मशीनचा कंडेन्सरही बहुधा त्यांच्याच नावाचा असेल.

४०चं गणित बरोबर उलटं. त्याच्यासमोर हवाच हवी. तिथे तेलाचा पातळ थर आला की किरणांची वाट बदलते आणि सगळं दुधाळ होतं.

आता नेहमी घडतं ते बघा. मलेरियासाठी स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा पातळ थर) लावला आहे. १००वर तेल घालून बघताना एका पेशीत काहीतरी संशयास्पद दिसलं. आजूबाजूचं जरा मोठं क्षेत्र बघू म्हणून नोजपीस (ऑब्जेक्टिव्ह बसवलेली फिरती चकती) मागे फिरवला. मागे कोण? ४०. त्याच्या तोंडापासून स्लाइडपर्यंत जेमतेम अर्धा मिलिमीटर जागा असते, आणि तेलाचा थेंब तेवढा उभा असतोच. तोंडाला स्प्रिंग असल्याने ते अडत नाही की आवाज करत नाही, थेंबावरून गुपचूप सरकून जातं. पुन्हा १०० लावलं की चित्र स्वच्छ, त्यामुळे शंका येण्याचं कारणच नाही. संध्याकाळच्या पाळीत कोणीतरी युरिनची स्लाइड ४०वर लावतं आणि तेव्हा आम्हाला फोन येतो. सकाळचा टेक्निशियन म्हणतो, माझ्याकडे नीट चाललं होतं. संध्याकाळचा म्हणतो, मी तेलाच्या बाटलीला हातही लावला नाही. दोघंही खरं बोलत असतात.

उपाय फुकटचा आहे. नोजपीसवर ऑब्जेक्टिव्ह गोलाकार बसलेली असतात. चार ऑब्जेक्टिव्हच्या मशीनवर १००च्या एका अंगाला ४० आणि दुसऱ्या अंगाला ४. तेल पडलं की त्यानंतर फिरवायचं ते ४च्याच बाजूने. ४चं तोंड स्लाइडपासून सेंटिमीटरभर तरी वर राहतं, त्याला तेल लागत नाही. मग स्लाइड काढा, १००चं तोंड कोरड्या लेन्स पेपरने टिपून घ्या, झालं. ४०वर जे बघायचं ते तेल घालण्याआधी बघून घ्या. नवीन मुलगा कामावर आला तर पहिल्या दिवशी त्याला हे एवढंच शिकवा, बाकीचं तो शिकतोच. ४०वर निळा पट्टा असतो, १००वर पांढरा. निळ्यावर तेल नाही, इतकं सांगितलं तरी पुरे.

लागलंच तर

आधी ४०चं ऑब्जेक्टिव्ह हळूच फिरवून काढा. एक आयपीस काढून उलटं धरा आणि त्यातून ऑब्जेक्टिव्हचं तोंड बघा, मोठ्या भिंगासारखं काम होतं. लेन्सच्या कडेला रंगीत चकाकी किंवा ओशट कडं दिसलं तर ते तेल. रबरी ब्लोअरने धूळ उडवा. लेन्स पेपरच्या घडीने आधी नुसतं टिपा, घासू नका. मग पेपरच्या कोऱ्या टोकावर लेन्स क्लीनर किंवा अगदी थोडं झायलिन (तेल विरघळवणारं रसायन) घेऊन मधून कडेकडे गोल फिरवा आणि प्रत्येक फेरीला नवं टोक घ्या. ४०ची पुढची लेन्स बारीक आणि जराशी खोलगट असते, तेल कडेच्या खाचेत बसून राहतं. तिथे काडीला लेन्स पेपर गुंडाळून पोचता येतं. शेवटी कोरडा पेपर.

झायलिन थेट लेन्सवर ओतू नका. लेन्स ज्या सिमेंटने चिकटवलेल्या असतात ते त्याने सुटतं आणि मग आमच्याही हातात काही राहत नाही. गॉज, कापूस, ॲप्रनचं टोक, रुमाल यांपैकी काहीही नको. पुसून पुसून ओरखडे पडलेली ऑब्जेक्टिव्ह आम्ही नुसत्या तेलाने खराब झालेल्यांपेक्षा जास्त बघतो. आणि ऑब्जेक्टिव्ह स्क्रू-ड्रायव्हरने उघडू नका, कृपा करून. आतल्या लेन्समधली अंतरं एकदा हलली की ती घरी जुळत नाहीत.

जुन्या सवयीने सिडारवुड तेल वापरणाऱ्यांसाठी एक सूचना: ते वाळून घट्ट होतं आणि रात्रभर राहिलेलं सकाळी निघता निघत नाही. न वाळणारं सिंथेटिक इमर्शन ऑइल आमच्याकडे छोट्या बाटलीत मिळतं. बाटली थोडी महाग वाटेल, पण सर्व्हिसिंगच्या एका फेरीपेक्षा स्वस्तच पडते. लेन्स पेपरचं पुडकंही सोबत न्या.

दोष तेलाचा नसेल तर काय?

स्लाइड उलटी लागली आहे का बघा. हसू नका, बारावीच्या प्रॅक्टिकलआधी कॉलेजांकडून येणाऱ्या फोनमध्ये हे हमखास असतं. कव्हरस्लिप खाली गेली की ४ आणि १०वर सगळं दिसतं, पण ४०ला स्लाइडची मिलिमीटरभर काच ओलांडून फोकस करता येत नाही.

न्यूबावर चेंबरवर (पेशी मोजायच्या आखलेल्या काचेवर) ४० थोडं मऊ दिसणारच. त्याच्यावरची झाकणकाच साध्या कव्हरस्लिपच्या दुपटीहून जाड असते. तो बिघाड नाही.

काळा ठिपका दिसत असेल तर आयपीस फिरवा. ठिपका सोबत फिरला तर धूळ आयपीसवर. स्लाइड सरकवल्यावर सरकला तर स्लाइडवर. कंडेन्सर वर-खाली केल्यावर तो ठळक-पुसट झाला तर कंडेन्सरवर किंवा दिव्याच्या काचेवर. यातलं काहीच झालं नाही तर ऑब्जेक्टिव्हकडे वळा.

आणि उजेड कमी करायला आयरिस मिटू नका किंवा कंडेन्सर खाली ओढू नका. त्याला दिव्याचा रेग्युलेटर आहे. रंगवलेल्या स्लाइडला कंडेन्सर वर आणि आयरिस बरीचशी उघडी हवी. न रंगवलेल्या युरिनच्या स्लाइडला मात्र आयरिस थोडी मिटली तरच कास्ट (मूत्रपिंडातून आलेले नळीसारखे पारदर्शक साचे) दिसतात. हे उलटसुलट झालं तरी लोक लेन्सलाच दोष देतात.

पावसाळा

खाडीकाठच्या दमट हवेत बुरशी ही आपल्या भागाची खास पीडा. लेन्सवर जाळ्यासारखे धागे दिसले तर लगेच आणा, कारण बुरशी काचेवरचं कोटिंग खाते आणि ते परत येत नाही. जून ते सप्टेंबर मशीन लाकडी पेटीत बंद करून विसरू नका. रोज वापरा, रात्री कव्हरखाली सिलिका जेल ठेवा. निळ्याचं गुलाबी झालं की तापवून कोरडं करून घ्या. कॉलेजांनी उन्हाळी सुट्टीतच सर्व्हिसिंग उरकलं तर बरं, जुलैत आमच्याकडे रांग असते.

"नुसतं पुसायचे पैसे घेता?"

घेतो. कारण नुसतं पुसत नाही. तेल पुढच्या लेन्सच्या मागे शिरलं असेल तर ऑब्जेक्टिव्ह उघडावं लागतं आणि बसवल्यावर पुन्हा जुळवून चारही ऑब्जेक्टिव्हवर तपासावं लागतं. तेल फक्त बाहेरच असेल आणि तुम्ही समोर उभे असाल तर तिथल्या तिथे करून देतो आणि पुढच्या वेळी घरच्या घरी कसं करायचं तेही दाखवतो. वार्षिक करार असलेल्या लॅबना याचं वेगळं बिल लागत नाही, आणि मशीन आमच्याकडे असेपर्यंत बदली मशीन मिळतं.

आणताना एकटं ऑब्जेक्टिव्ह खिशात घालून आणू नका, पूर्ण मशीन आणा. दोष कंडेन्सरचा असेल तर एकट्या ऑब्जेक्टिव्हवरून आम्हाला ओळखता येत नाही. वाशी-नेरूळकडून ठाण्याला लोकलने येणार असाल तर मशीन आर्मला (मागच्या उभ्या दांड्याला) एका हाताने आणि बेसखाली दुसऱ्या हाताने धरा, स्टेजला धरून उचलू नका. आणि ज्या स्लाइडवर धूसर दिसलं ती स्लाइड पुसून, डबीत घालून सोबत द्या. रक्ताची किंवा थुंकीची असेल तर ती न आणता साधी कांद्याच्या पापुद्र्याची कायम स्वरूपाची स्लाइड चालेल.